बायोटिनची पारख : नावे, बंध आणि प्रतिपिंडे

प्रथम द्रव्य हाती येते आणि मग त्याचे नामकरण होते, अशी शास्त्रीय शोधांविषयी सर्वसाधारण समजूत आहे. बायोटिन ह्या जीवनसत्त्वाच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. शुद्ध द्रव्य स्फटिकरूपाने कुपीत येण्यापूर्वी पस्तीस वर्षे त्याच्या नावाचे मूळ प्रचारात आलेले होते, आणि ते कुपीत आले त्या सुमारास निरनिराळ्या प्रयोगशाळांतून ते आणखी तीन नावांनी वावरत होते. ही नावे देणाऱ्यांना सर्वांचा विषय एकच आहे ह्याची कल्पना नव्हती. प्रत्येकाजवळ एक कसोटी होती. त्या कसोटीस जे उतरे त्यास तो नाव देई. कोणाची कसोटी यीस्टची वाढ ही होती, कोणाची उंदराची कातडी. वस्तूला म्हणून दिलेली ही नावे वस्तुतः कसोट्यांची नावे होती. पुढे बायोटिन ओळखण्याची साधने बदलत गेली. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील एका प्रथिनापासून जनुकतंत्राने घडविलेल्या प्रतिपिंडांपर्यंत हा प्रवास झाला. नाव, कसोटी आणि वस्तू ह्या तिहींचा मेळ बसविण्याचा प्रश्न मात्र प्रत्येक टप्प्यावर नव्याने उभा राहिला, आणि अलीकडे तर तो रुग्णाच्या जिवाशी येऊन भिडला.

ह्या इतिहासाचा आरंभ एका वादात आहे. साखर, अमोनियाचे लवण आणि यीस्टची राख एवढ्या सामग्रीवर यीस्ट वाढू शकते असे पाश्चरचे प्रतिपादन होते. लीबिगने तो प्रयोग करून पाहिला. त्यास तो साधला नाही. दोघेही आपापल्या मतास चिकटून राहिले आणि वाद अनिर्णित राहिला. १९०१ साली बेल्जममधील लूव्हाँ येथे विल्डियर्स ह्याने त्याची उकल केली. द्रवात पेरलेले यीस्ट अगदीच थोडे असेल तर ते वाढत नाही, भरपूर असेल तर वाढते. कारण भरपूर पेरणीबरोबर यीस्टमधील एक अज्ञात सेंद्रिय द्रव्यही नकळत पेरले जाते, असे त्याने दाखविले. ह्या अज्ञात द्रव्यास त्याने ग्रीक भाषेतील जीवनवाचक शब्द घेऊन ‘बायॉस’ म्हटले. नाव मोठे भारदस्त होते. त्याखाली काय आहे हे मात्र कोणास ठाऊक नव्हते. असे काही द्रव्य मुळात आहे की नाही ह्याविषयीच पुढे दीर्घकाळ शंका घेतली गेली. अखेरीस बायॉस हे एक द्रव्य नसून मिश्रण आहे असे निष्पन्न झाले. त्याचे भाग पाडले गेले. त्यांतील पहिला भाग म्हणजे इनॉसिटॉल होय हे १९२८ मध्ये टोरोंटो येथे ईस्टकॉट ह्या संशोधिकेने सिद्ध केले, आणि उरलेल्यांपैकी एका भागातून पुढे बायोटिन निघाले. एका नावाच्या पोटात अनेक वस्तू, असा हा प्रकार होता.

दुसरीकडे ह्याच्या नेमका उलट प्रकार चालला होता. १९१६ साली अमेरिकेत बेटमन ह्याने कच्चा पांढरा बलक खाऊ घातलेल्या प्राण्यांना अतिसार होतो असे नोंदविले. १९२७ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस हिने वाळविलेल्या कच्च्या बलकावर उंदीर पोसून पाहिले. त्यांची कातडी सोलवटली, केस झडले, स्नायूंवरील ताबा सुटत गेला. तोच बलक शिजवून दिला असता असे काही होईना. आणि यकृतासारखे काही पदार्थ आहारात असले तर कच्चा बलकही बाधेना. ह्या पदार्थांतील रक्षक द्रव्यास तिने ‘घटक एक्स’ असे तात्पुरते नाव दिले. तेच काम हायडेलबर्ग येथे पॉल ग्यॉर्गी ह्याने १९३१च्या सुमारास हाती घेतले आणि त्याच रक्षक द्रव्यास ‘जीवनसत्त्व एच’ म्हटले. हा ‘एच’ म्हणजे जर्मन भाषेत त्वचेस जो शब्द आहे त्याचे आद्याक्षर. १९३३ मध्ये ॲलिसन, हूव्हर आणि बर्क ह्यांनी शिंबी वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणाऱ्या जंतूंना लागणारे एक द्रव्य वर्णन केले व त्यास ‘को-एंझाइम आर’ हे नाव दिले. यीस्ट, उंदीर आणि मुळांवरील जंतू ह्यांचे अभ्यासक निरनिराळ्या नियतकालिकांतून लिहीत. एकमेकांचे लेखन त्यांच्या फारसे दृष्टीस पडत नसे.

१९३६ साली हॉलंडमधील उट्रेक्ट येथे कोग्ल व ट्योनिस ह्यांनी बदकाच्या अंड्यांचा सुमारे २५० किलोग्रॅम वाळविलेला पिवळा बलक घेऊन त्यातून ह्या द्रव्याचे १.१ मिलिग्रॅम स्फटिक मिळविले. बायॉस ह्या जुन्या नावावरून त्यांनी त्यास ‘बायोटिन’ हे नाव दिले. येथे एक प्रासंगिक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. कोग्लच्या ह्याच प्रयोगशाळेतून त्याच काळात ‘ऑक्सिन ए’ व ‘ऑक्सिन बी’ अशी दोन वनस्पति-संप्रेरकेही जाहीर झाली होती. ती पुन्हा कोणास मिळेनात. आणि १९६६ मध्ये जपून ठेवलेल्या नमुन्यांची तपासणी झाली तेव्हा कुप्यांतील द्रव्ये नावाप्रमाणे नाहीत असे उघडकीस आले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. बायोटिनचे तसे झाले नाही, कारण ते इतरांच्या हाती पुनःपुन्हा लागले. १९३९-४० मध्ये बायोटिन, जीवनसत्त्व एच आणि को-एंझाइम आर ही एकाच द्रव्याची नावे असल्याचे सिद्ध झाले. ह्या कामात ग्यॉर्गीबरोबर विन्सेंट द्यू व्हीन्यो ह्या रसायनज्ञाचा प्रमुख वाटा होता. १९४२ मध्ये त्याने रेणूची रचना निश्चित केली आणि १९४३ मध्ये मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याचे संश्लेषण झाले. रचना कळली त्या दिवसापासून बायोटिन हे नाव कोणत्याही एका कसोटीवर अवलंबून राहिले नाही.

कच्च्या बलकाची बाधा मात्र अद्याप समजावयाची होती. टेक्सस विद्यापीठात ईकिन, स्नेल आणि विल्यम्स ह्यांनी १९४०-४१ मध्ये पांढऱ्या बलकातील एक प्रथिन वेगळे केले. ते बायोटिनला असे घट्ट धरून ठेवते की आतड्यातून त्याचे शोषणच होत नाही. प्राणी अन्नातील बायोटिन खाऊनही उपाशी राहतो. शिजविल्याने ह्या प्रथिनाची घडी मोडते व बाधा टळते. ह्या प्रथिनास प्रथम ‘अविड-अल्ब्युमिन’ आणि नंतर आटोपशीर ‘अविडिन’ असे म्हणण्यात आले. लॅटिन ‘अविदुस’ म्हणजे हावरा. त्यास बायोटिनमधील ‘इन’ हा प्रत्यय जोडलेला. लॅटिनमधील ह्या शब्दाच्या मूळ धातूचा संबंध काही व्युत्पत्तिकार संस्कृत ‘अव्’ धातूशी लावतात. धातुपाठात त्याचे रक्षण, प्रीती, तृप्ती, इच्छा इत्यादी कितीतरी अर्थ दिलेले आहेत. अविडिनच्या ठायी ह्यांपैकी तृप्ती वगळता बाकी सर्व आढळतात असे विनोदाने म्हणता येईल. ह्या कथेत एवढे एकच नाव असे आहे की जे वस्तूचा स्वभाव सांगते, आणि पुढील सारा इतिहास त्या स्वभावाभोवतीच फिरतो.

तो स्वभाव किती हावरा आहे ह्याचे मोजमाप लंडनमध्ये एन. मायकेल ग्रीन ह्याने १९६३ साली प्रसिद्ध केले. किरणोत्सर्गी कार्बनाने खूण केलेले बायोटिन वापरून त्याने अविडिन व बायोटिन ह्यांच्या वियोगाचा स्थिरांक काढला. तो दहाच्या उणे पंधराव्या घाताच्या आसपास निघाला. सामान्य प्रतिपिंड व त्याचे प्रतिजन ह्यांच्यातील बंधापेक्षा हा बंध हजारो किंवा लाखो पटींनी बळकट ठरतो. एकदा जुळलेल्या जोड्यांपैकी निम्म्या सुटावयास सुमारे दोनशे दिवस लागतील, असा त्याच्या आकड्यांचा अर्थ होतो. अविडिनच्या एका रेणूत बायोटिन धरण्याच्या चार जागा असतात, हेही ह्याच अभ्यासातून स्पष्ट झाले. १९६५ मध्ये ग्रीनने एक सोपी रंगकसोटीही दिली. तीत एक रंगद्रव्य अविडिनला सैलसर चिकटलेले असते. बायोटिन येताच ते रंगद्रव्यास हुसकावून जागा घेते, आणि रंगातील घट मोजून बायोटिन किती आले ते कळते. तोपर्यंत बायोटिनचे आमापन यीस्ट अथवा लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू वाढवून करीत. त्यास दिवस लागे आणि जंतूंची मर्जी सांभाळावी लागे. अविडिनमुळे आमापन हे एक साधे रासायनिक कृत्य झाले.

ह्याच काळात मर्क कंपनीत नव्या प्रतिजैविकांचा शोध घेत असता स्ट्रेप्टोमायसीज कुलातील एका जंतूच्या द्रवाने इतर जंतू मरतात, पण बायोटिन घातले की तो परिणाम नाहीसा होतो, असे आढळले. त्या द्रवातून अविडिनचे एक भावंडच हाती आले. त्यास ‘स्ट्रेप्टअविडिन’ म्हणतात. अविडिनला शर्करेच्या शाखा असतात आणि त्यावर धनभार जास्त असतो. त्यामुळे ते नको त्या ठिकाणीही चिकटते. स्ट्रेप्टअविडिनमध्ये हे दोष नाहीत. पुढील काळात प्रयोगशाळांतून त्याचाच वापर अधिक झाला तो ह्यामुळे.

१९७०नंतर ह्या इतिहासात एक महत्त्वाचे अर्थांतर घडले. तोवर बायोटिन हे शोधावयाचे द्रव्य होते. आता ते शोधण्याचे साधन झाले. बायोटिनचा रेणू लहान, त्याचा रेणुभार अवघा २४४. त्याच्या शेपटाकडील कार्बॉक्सिल गटाद्वारे तो प्रथिनाला, शर्करेला किंवा न्यूक्लिइक अम्लाला जोडता येतो, आणि जोडलेल्या वस्तूचे काम बहुधा बिघडत नाही. अशी खूण केलेली वस्तू कोठे आहे हे अविडिनला विचारले की ते अचूक सांगते. १९७४ मध्ये हाइट्समन व रिचर्ड्स ह्यांनी पेशींच्या पटलांवरील घटक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दाखविण्यासाठी ही युक्ती योजिली. इस्राएलमधील वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये बायर व विल्चेक ह्यांनी तिचे एक संपूर्ण तंत्र बनविले. १९८१ मध्ये येल येथे लँगर, वॉल्ड्रॉप आणि वॉर्ड ह्यांनी डीएनएच्या घटकावर बायोटिनची खूण लावून किरणोत्सर्गी द्रव्यांशिवाय जनुकांचा माग काढण्याची वाट मोकळी केली. त्याच वर्षी ऊतींच्या पातळ कापांवर अविडिन-बायोटिन संकुलाने रंग आणण्याची पद्धत प्रसिद्ध झाली व ती जगभरच्या विकृतिविज्ञान विभागांत रुजली. भाषेत एखादे विशेषनाम सामान्यनाम व्हावे तसे बायोटिनचे झाले. ‘बायोटिन दिसले’ ह्याचा अर्थ आता ‘ज्यावर बायोटिन लावले ते दिसले’ असा होऊ लागला.

जी खूण मनुष्य लावतो तीच निसर्गानेही लावलेली असेल तर काय, हा प्रश्न येथून सुरू होतो. मानवी शरीरात पाच कार्बॉक्सिलेज एंझाइमांवर बायोटिन मुळातच जोडलेले असते. यकृत आणि मूत्रपिंड ह्यांच्या कापांत ते विपुल असते. अशा कापावर अविडिनची पद्धत वापरली की शोधावयाची वस्तू नसतानाही रंग उमटतो. १९८१ मध्येच वुड व वॉर्न्के ह्यांनी ह्यावर तोडगा सुचविला : आधी साधे अविडिन घालून नैसर्गिक बायोटिन झाकावे, मग साधे बायोटिन घालून अविडिनच्या उरलेल्या जागा भराव्यात, आणि त्यानंतर खरी कसोटी घ्यावी. युक्ती उपयुक्त आहे, परंतु तीवरून अविडिनची मर्यादाही दिसते. अविडिनला बायोटिन आणि बायोटिन ह्यांत भेद करता येत नाही. रेणूचे कंकणाकार डोके ते आपल्या खोल खोबणीत घेते; शेपटाला काय जोडले आहे ह्याची ते फारशी दखल घेत नाही. मोकळे बायोटिन, एंझाइमावरील बायोटिन, प्रयोगकर्त्याने लावलेले बायोटिन, सर्व त्यास सारखेच.

दुसरी अडचण बंधाच्या बळकटीचीच होती. अविडिनच्या साहाय्याने एखादे प्रथिन हजारोंतून वेचून काढता येते; पण वेचलेले सोडवून घ्यावयाचे म्हणजे उकळावे तरी लागते किंवा तीव्र रसायने वापरावी लागतात, आणि त्यात वेचलेल्या वस्तूचीच नासाडी होते. म्हणून अनेक रसायनज्ञांनी हा बंध मुद्दाम दुबळा करण्याचे प्रयत्न केले. कोणी बायोटिनऐवजी त्याचा सैल बसणारा भाऊ इमिनोबायोटिन वापरला, कोणी अविडिनचे चार घटक सुटे करून एकेक घटक वापरला. निसर्गातील अत्यंत बळकट अशा बंधांत ज्याची गणना होते तो बंध सैल करण्यासाठी इतके श्रम व्हावेत, ह्यावरून घट्ट धरणे आणि ओळखणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत हे उघड होते.

प्रतिपिंडांचा प्रवेश ह्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. बायोटिन इतके लहान असते की त्याच्याविरुद्ध शरीर आपण होऊन प्रतिपिंड करीत नाही. पण अशा लहान रेणूस मोठ्या प्रथिनावर बसवून टोचले तर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे होतात, हे कार्ल लँडस्टायनर ह्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विस्ताराने दाखवून ठेवले होते. १९७५ मध्ये बर्गर ह्याने बायोटिनला बांधणारी आणि बायोटिनयुक्त एंझाइमांचे कार्य रोखणारी प्रतिपिंडे वर्णन केली. त्याच वर्षी केंब्रिज येथे कोलर व मिलस्टाईन ह्यांनी प्रतिपिंड करणारी पेशी आणि अमर वाढणारी अर्बुदपेशी ह्यांचा संकर साधून एकाच कुळातल्या पेशींपासून एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड मिळविण्याची रीत शोधून काढली. ह्या एककृंतक प्रतिपिंडांच्या रीतीने कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात कृष्णमूर्ती दक्षिणामूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी बायोटिनविरोधी प्रतिपिंड तयार करून १९८६ मध्ये त्याचे गुणधर्म प्रसिद्ध केले. १९९३ साली वाइझमन इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी अशा प्रतिपिंडांचे बायोटिन ओळखणे अविडिनसारखेच भासते असे दाखविले. कोंबडीच्या अंड्यातील प्रथिन, मातीतील जंतूचे प्रथिन आणि उंदराच्या रक्तातील प्रतिपिंड ह्यांचा उगम परस्परांहून अगदी भिन्न. तरीही एकाच रेणूस ओळखताना त्यांच्या रीतीत साम्य यावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

बंधाच्या बळात प्रतिपिंड अविडिनच्या पासंगासही पुरत नाही. तथापि जेथे सोडवून घेणे आवश्यक असते तेथे हेच उणेपण गुण ठरते. ह्याचे उत्तम उदाहरण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जिवंत पेशीत एका एंझाइमाच्या साहाय्याने शेजारच्या प्रथिनांवर बायोटिनची खूण उमटवितात, आणि मग कोणत्या प्रथिनावर नेमक्या कोणत्या ठिकाणी ती उमटली हे वस्तुमानमापकाने पाहतात. स्ट्रेप्टअविडिनने पूर्ण प्रथिने वेचली तर ती खूण असलेला नेमका तुकडा मण्यांवरच अडकून राहतो. खुणेची जागा क्वचितच कळते. उदेशी व सहकारी ह्यांनी आधी प्रथिनांचे तुकडे केले, बायोटिनविरोधी प्रतिपिंडांनी खूण असलेले तुकडे वेचले आणि सौम्य आम्लाने ते सोडवून घेतले. खुणेच्या १,६००हून अधिक जागा त्यांना निश्चित करता आल्या. स्ट्रेप्टअविडिनच्या रीतीने मिळालेल्या संख्येच्या ही संख्या तीसपटीहून जास्त होती.

रुग्णालयातील प्रयोगशाळांत हाच प्रश्न निराळ्या व अधिक गंभीर रूपाने आला. रक्तातील संप्रेरके व प्रथिने मोजणाऱ्या अनेक स्वयंचलित यंत्रांत स्ट्रेप्टअविडिन लावलेले सूक्ष्म कण असतात. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतील प्रथिन मोजावयाचे असेल तर एक बायोटिनची खूण लावलेले आणि एक प्रकाश देणारे, अशी दोन प्रतिपिंडे ते दोन्ही बाजूंनी पकडतात. मग खुणेच्या आधारे सारे संकुल कणांवर अडकते आणि प्रकाश मोजला जातो. रुग्णाच्या रक्तात मोकळे बायोटिन फार झाले तर ते कणांवरील जागा आधीच बळकावते. संकुल धुऊन जाते, प्रकाश कमी पडतो आणि ट्रोपोनिन कमी असल्याचा अहवाल निघतो. स्पर्धात्मक पद्धतीच्या कसोट्यांत ह्याच कारणाने आकडा खोटा वाढतो. म्हणून एकाच रुग्णाचे टीएसएच कमी आणि अवटू ग्रंथीची संप्रेरके जास्त दिसून ग्रेव्हज रोगाचे हुबेहूब चित्र उभे राहू शकते. चयापचयाच्या आनुवंशिक विकारांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्या सहा मुलांत असे घडल्याचे जर्मनीतील वैद्यांनी २०१६ मध्ये नोंदविले.

पूर्वी हा प्रसंग विरळ होता. प्रौढ माणसास दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरेसे मानतात, आणि एवढ्याने कोणतीही कसोटी बिघडत नाही. पण केस, त्वचा आणि नखे ह्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत ह्याच्या ६५० पटींपर्यंत मात्रा असते; बहुविध काठिण्य ह्या मज्जारोगावरील चाचण्यांत तर दिवसाला ३०० मिलिग्रॅम देण्यात आले होते. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ह्याविषयी जाहीर इशारा दिला. बायोटिनची बाधा होते हे ठाऊक असलेल्या कसोटीत ट्रोपोनिनचा आकडा खोटा कमी आल्यानंतर एक रुग्ण दगावल्याची माहिती त्या इशाऱ्यात होती. २०१९ मध्ये तो इशारा पुन्हा अद्ययावत करून काढावा लागला. १९२७ साली बोआसच्या उंदरांत अविडिनने बायोटिन अडविले होते; नव्वद वर्षांनी बायोटिनने अविडिनच्या भावंडास अडविले.

मोकळे बायोटिन आणि जोडलेले बायोटिन ह्यांत भेद करणे येथे अत्यावश्यक होते, आणि अविडिन नेमके तेच करू शकत नाही. प्रतिपिंडाकडून मात्र तशी अपेक्षा ठेवता येते. बायोटिन वाहक प्रथिनावर कोणत्या टोकाने व कशा दुव्याने बसविले ह्यावर प्रतिपिंडाची दृष्टी ठरते. एखादे प्रतिपिंड दुव्यासकट बायोटिन ओळखेल आणि मोकळ्या रेणूकडे दुर्लक्ष करील. दुसरे शेपटाचा मोकळा कार्बॉक्सिल गट पाहील आणि जोडलेल्या रेणूस सोडून देईल. पहिले खूण शोधण्यास उपयोगी, दुसरे रक्तातील नको असलेले बायोटिन टिपून घेण्यास. बाटलीवर मात्र दोहोंचे नाव एकच, ‘बायोटिनविरोधी प्रतिपिंड’. वापरणाऱ्याने त्या नावावर विसंबून एकाच्या जागी दुसरे घेतले तर कसोटी बिनचूक चालेल आणि उत्तर चुकीचे येईल.

नावाचा दोष येथेच संपत नाही. संकरपेशीपासून मिळणाऱ्या प्रतिपिंडास एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाखाली वर्षानुवर्षे एकच वस्तू मिळते असे गृहीत धरतात. हे गृहीत सर्वत्र खरे ठरत नाही. पेशी मरतात, बदलतात, जनुके गमावतात. २०१८ मध्ये अनेक संस्थांनी मिळून १८५ संकरपेशी-कुळे तपासली, तेव्हा त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांशांत अपेक्षित साखळ्यांखेरीज आणखी एखादी कार्यक्षम साखळी निर्माण होत असल्याचे आढळले. ‘एककृंतक’ हे विशेषण पेशीच्या कुळास लागू होते; कुपीतील द्रव्य एकविध असेलच अशी हमी त्यात नाही. बायॉस ह्या नावाखाली जे घडले त्याचीच ही छोटी आवृत्ती होय.

पुनःसंयोजित प्रतिपिंडांचे महत्त्व ह्या संदर्भात स्पष्ट होते. प्रतिजनास धरण्याचे काम प्रतिपिंडाच्या जड व हलक्या साखळ्यांच्या टोकांकडील, प्रत्येकी सुमारे ११० ते १२० ॲमिनो अम्लांच्या बदलत्या भागांकडे असते. ह्या भागांची जनुके पेशीतून काढून त्यांचा क्रम वाचता येतो आणि ती दुसऱ्या पेशीत बसवून तेच प्रतिपिंड हवे तेव्हा करवून घेता येते. १९८८ मध्ये स्केरा व प्ल्यूकथुन ह्यांनी, तसेच बेटर व सहकारी ह्यांनी, आतड्यातील साध्या ई. कोलाय जंतूकडून प्रतिपिंडाचे कार्यक्षम तुकडे करवून घेतले. जॉर्ज स्मिथ ह्याने १९८५ मध्ये जंतुभक्षी विषाणूच्या कवचावर परके प्रथिन मिरवावयास लावले होते. १९९० मध्ये मॅकॅफर्टी, विंटर आणि सहकारी ह्यांनी तीच रीत प्रतिपिंडांस लावली. त्यामुळे कोट्यवधी निरनिराळ्या प्रतिपिंडांच्या साठ्यातून हव्या त्या रेणूस धरणारे वेचणे शक्य झाले. स्मिथ व विंटर हे २०१८च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी झाले.

बायोटिनच्या पारखीच्या दृष्टीने ह्या रीतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली वेचणीची. वेचताना स्पर्धक म्हणून मोकळे बायोटिन द्रवात सोडता येते, म्हणजे त्यास भुलणारी प्रतिपिंडे आपोआप गळतात. उलट हेतू असेल तर उलट स्पर्धक घालावा. नंतर एकेक ॲमिनो अम्ल बदलून बंध थोडा घट्ट किंवा थोडा सैलही करता येतो. अविडिनच्या बाबतीत निसर्गाने जे दिले ते घ्यावे लागत होते. येथे बंधाची बळकटी कामानुसार ठरविता येते. दुसरी गोष्ट ओळखीची. अशा प्रतिपिंडाची खरी ओळख म्हणजे त्याचा ॲमिनो अम्लक्रम. तो क्रम लिहून ठेवला की पेशी मेली, प्रयोगशाळा बंद पडली किंवा साठा संपला तरी तेच प्रतिपिंड पुन्हा घडविता येते, आणि दोन कुप्यांत एकच वस्तू आहे की नाही हे अक्षरशः वाचून पडताळता येते. २०१५ मध्ये ब्रॅडबरी व प्ल्यूकथुन ह्यांनी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी, संशोधनात वापरावयाची प्रतिपिंडे क्रम ठाऊक असलेली व पुनःसंयोजितच असावीत असे आवाहन केले. त्यात खर्चाची अडचण आहे, आणि कित्येक उत्पादक हा क्रम व्यापारी गुपित म्हणून राखून ठेवतात. मग वस्तू पुनःसंयोजित असूनही वापरणाऱ्याच्या हाती पुन्हा केवळ एक क्रमांकच उरतो.

रुग्णालयांनी दरम्यान आपापले उपाय योजिले आहेत. काही यंत्रनिर्मात्यांनी कसोट्यांची रचना बदलून त्या बायोटिनला अधिक सहनशील केल्या. काही ठिकाणी संशयित नमुन्यातील बायोटिन आधी स्ट्रेप्टअविडिनच्या कणांनी टिपून घेतात आणि मग मोजणी करतात. जेथे वेळ असतो तेथे गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त घेतात. छातीत कळ आलेल्या रुग्णाच्या बाबतीत तेवढी सवड नसते. त्याला, किंवा त्याच्या घरच्यांना, बायोटिन घेता काय असे विचारावे लागते. पण गोळ्यांच्या वेष्टनावर हे द्रव्य कोठे बायोटिन म्हणून, कोठे जीवनसत्त्व बी-७ म्हणून, फ्रान्समध्ये बी-८ म्हणून आणि अजूनही कोठे कोठे ग्यॉर्गीने दिलेल्या ‘एच’ ह्या अक्षराने छापलेले असते. कित्येकदा वेष्टनाच्या दर्शनी बाजूस केवळ केस आणि नखे एवढेच शब्द असतात. आपण बायोटिन घेत आहोत हे पुष्कळ रुग्णांना ठाऊक नसते, ही बाब अमेरिकेच्या प्रशासनासही आपल्या इशाऱ्यात नमूद करावी लागली.